जुनं स्क्रोल सॉ घेताय? मोटर नंतर बघा, आधी ब्लेडची पकड बघा

२०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून गणपतीचं मखर प्लाय नाहीतर एमडीएफमधून कापून करायचं हे आपल्याकडे घरोघरी सुरू झालं, त्यात होमस्टेवाल्यांना नावाच्या पाट्या हव्या असतात, कुणाला देव्हाऱ्याला जाळी हवी असते, कुणाला पोरांसाठी लाकडी कोडी. ही सगळी वळणावळणाची कामं हाताच्या फ्रेट सॉने करता येतात पण मान मोडते, आणि हातात धरायच्या जिगसॉने बारीक नक्षी होत नाही. यासाठीच मशीन आहे ते म्हणजे स्क्रोल सॉ. टेबलावर लाकूड ठेवायचं, पातळ ब्लेड जागच्या जागी वरखाली होतं, आणि लाकूड आपण फिरवायचं.

नवीन चांगलं मशीन महाग पडतं आणि स्वस्तातलं नवीन बरेचदा थरथरतं, म्हणून जुनं चांगलं मशीन घेणं हा मला तरी जास्त शहाणपणाचा सौदा वाटतो. पण जुनं घेताना लोक बघतात काय, तर मोटर चालू होते का आणि रंग गेलाय का. स्क्रोल सॉमध्ये मोटर हा सगळ्यात साधा भाग आहे, ९० ते १२५ वॉटची असते, म्हणजे मिक्सरपेक्षा कितीतरी लहान, ती बिघडली तरी तालुक्याचा रिवाइंडिंगवाला नीट करून देतो. खरा जीव आहे तो ब्लेडची दोन टोकं धरणाऱ्या दोन चिमट्यांमध्ये आणि ते चिमटे वरखाली हलवणाऱ्या मशीनच्या दोन हातांच्या, म्हणजे वरच्या आणि खालच्या दांड्यांच्या, सांध्यांमध्ये. ते ढिले असतील तर ब्लेड डगमगणार आणि मग तुम्ही कितीही सावकाश कापा, रेघ सुटणारच. म्हणून खाली जे काही लिहितोय ते सगळं त्या एका ब्लेडभोवती फिरतंय.

मशीन शोधायचं कुठे

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस हे तर आहेच, फक्त शोधताना "स्क्रोल सॉ" आणि "जिगसॉ मशीन" दोन्ही टाकून बघा कारण विकणारे दोन्ही नावं लावतात. पाट्या आणि अक्षरं कापणारी जी जुनी दुकानं आता सीएनसी आणि लेझरवर गेली त्यांच्याकडे कोपऱ्यात अशी मशीनं पडलेली असतात, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी अशा गावांत दुकानात जाऊन सरळ विचारायचं. "मशीन बरां आसा, नुसतां पडान आसा" असं कुणी म्हणालं की समजायचं बघायला जाण्यासारखं आहे, कारण पडून राहिलेलं मशीन झिजलेलं नसतं, गंजलेलं असतं, आणि गंज बहुतेक वेळा निघतो, झीज भरून काढायला मात्र लेथवाल्याकडे जावं लागतं. मुंबईत जाणं होत असेल तर नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा, तिथे जुनं मशीन नाही मिळालं तरी ब्लेड, बेल्ट, अ‍ॅलन की, चिमट्याचे स्क्रू या गोष्टी बघून घेता येतात.

तिसरा मार्ग खास आपल्याकडचा. आखातातून परत आलेल्या माणसांनी आणलेली हत्यारं. रत्नागिरी बाजूला अशी घरं खूप आहेत आणि तिथे युरोपियन बनावटीची चांगली मशीनं निघतात. पण तिथे दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे प्लग, दुबईकडच्या मशीनला चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग असतो, तो आपल्या पॉइंटमध्ये काहीतरी खुपसून बसवत बसू नका, कापून आपला तीन गोल पिनांचा लावा, हिरवी-पिवळी वायर अर्थिंगला, तपकिरी फेजला, निळी न्यूट्रलला. दुसरं म्हणजे मशीनवरची पट्टी वाचा. २२० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक. ११० किंवा १२० व्होल्टचं असेल, जसं अमेरिकेतून आलेलं असतं, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणार, आणि पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ असेल आणि मोटर साधी इंडक्शन असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ती सावकाश फिरणार आणि जास्त तापणार. हा सगळा खर्च आधी भावातून वजा करा.

फोनवरच काय विचारायचं

लांब जायच्या आधी एवढं विचारा: ब्लेड कसलं लागतं, पिनवालं की बिनपिनचं? स्पीड कमीजास्त होतो का? ब्लेड लावलेल्या दोन्ही टोकांचा जवळून फोटो पाठवा, आणि सगळ्यात कमी स्पीडवर चालवून व्हिडिओ पाठवा. फास्ट स्पीडचा व्हिडिओ सगळे पाठवतात, त्यात काही कळत नाही. कमी स्पीडवर खटखट ऐकू येते.

पिनवालं की बिनपिनचं हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. स्क्रोल सॉचं ब्लेड साधारण ५ इंच लांब असतं. पिनवाल्या ब्लेडला दोन्ही टोकांना आडवी बारीक खिळी असते, ती खाचेत अडकवली की झालं, सोपं आहे, पण ही ब्लेडं जाड असतात आणि आतली नक्षी कापायला ब्लेड भोकातून ओवताना ती खिळीही भोकातून जायला हवी, म्हणजे निदान ५-६ मिमीचं भोक पाडावं लागतं. जाळीच्या कामात एवढं भोक म्हणजे नक्षीच गेली. बिनपिनचं ब्लेड सपाट टोकाचं असतं, चिमट्यात स्क्रूने आवळायचं, ते दीड-दोन मिमीच्या भोकातून जातं आणि बारीकसारीक सगळे नंबर त्यातच मिळतात. तुम्हाला फक्त पोरांची मोठी कोडी नाहीतर पाट्या करायच्या असतील तर पिनवालं मशीन चालेल. देव्हारा, मखर, जाळी करायची असेल तर बिनपिनचं ब्लेड धरणारं मशीनच घ्या. काही मशीनांना दोन्ही चालतं, त्यांना वेगळे जोड-चिमटे असतात, ते सोबत देणार का ते विचारून घ्या कारण हरवलेले असतात ते नेमके तेच.

१६ इंची, २० इंची हा आकडा म्हणजे ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर. मोठी फळी फिरवताना ती मागे अडते, त्यावर हा आकडा ठरतो. घरच्या कामाला १६ इंच पुष्कळ झालं, मखराचे मोठे भाग करणार असाल तर २० बघा.

बघायला जाताना पिशवीत काय

दोन्ही प्रकारची चार-पाच नवीन ब्लेडं, बॅटरी, छोटा गुण्या, स्क्रू ड्रायव्हर, अ‍ॅलन कीचा सेट, पाच रुपयांचं नाणं, १८-२० मिमी जाडीचा एक लाकडाचा तुकडा आणि एक ६ मिमी प्लायचा. आणि दिवसाउजेडी जा. पडवीतल्या बल्बखाली गंज दिसत नाही.

आता क्रमाने.

पहिलं, प्लग काढलेला असताना वरचा हात पुढच्या टोकाला धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. किंचित लवेल ते चालतं. पण "टक टक" असा धक्का हाताला जाणवला तर सांध्यातली बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी, नाहीतर बेअरिंग गेली आहे. बेअरिंग असेल तर नंबर बघून बाजारात मिळतं, बुश असेल तर लेथवर करून घ्यावी लागते. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे पण भाव त्या हिशोबाने पाडायचा. खालचा हातही तसाच बघा, तिथे वाकून बघायचा कंटाळा सगळे करतात आणि भुसा तर सगळा तिथेच साठलेला असतो.

दुसरं, चिमटे. वरचा आणि खालचा स्क्रू पूर्ण काढून आटे बघा. आधीच्या माणसाने ब्लेड निसटतंय म्हणून पक्कड लावून आवळलेलं असतं आणि आटे खाल्लेले असतात. स्क्रूचं ब्लेडवर दाबणारं तोंड गुळगुळीत खड्डा पडलेलं असेल तर स्क्रू बदलावा लागेल, तो स्वस्त आहे. चिमट्याच्या अंगातलेच आटे गेले असतील तर टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून, एक साइज मोठा स्क्रू बसवता येतो, पण चिमटा पातळ असेल तर तेही होत नाही. अशा वेळी त्या मॉडेलचा चिमटा मिळतो का हे आधी कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरं, आपलं नवीन ब्लेड स्वतःच्या हाताने लावा. दात खाली आणि पुढे, म्हणजे आपल्या बाजूला. ताण दिल्यावर ब्लेडला बोटाने छेडलं तर स्वच्छ टणक आवाज आला पाहिजे, आणि बाजूने बोटाने दाबल्यावर जास्तीत जास्त ३ मिमी सरकलं पाहिजे. ताण द्यायची खिटी किंवा चावी पूर्ण आवळूनही ब्लेड सैलच राहत असेल तर आतली सळई वाकलीय किंवा हात लवलाय. एक लक्षात ठेवा, ब्लेड न लावता मशीन चालू करून दाखवतो म्हणाला तर थांबवा, बहुतेक मशीनांत ब्लेडच दोन हातांना पुढून बांधून ठेवत असतं.

चौथं, चालवून बघणं. सगळ्यात कमी स्पीडवर सुरू करा आणि हळूहळू वाढवत न्या. स्पीड बदलणाऱ्या मशीनात साधारण मिनिटाला ४०० पासून १६००-१८०० फेऱ्यांपर्यंत असतो. बटण फिरवताना स्पीड एकदम उडी मारतो किंवा मध्येच मरतो का बघा, तसं असेल तर आतलं व्हॉल्यूमसारखं पॉट खराब आहे, टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा ते बदलून देतो. पण पूर्ण सर्किट बोर्डच जळलेला असेल तर आणि मशीन अगदी अनोळखी बनावटीचं असेल तर सोडून द्या. मोटरच्या फटीतून निळ्या ठिणग्या खूप दिसत असतील तर कार्बन झिजलेत, ते साधं काम, जवळच्या मापाचे घेऊन कानसने घासून बसतात. आता पाच रुपयांचं नाणं टेबलावर कडेवर उभं करा. मधल्या स्पीडला ते उभं राहिलं तर मशीन उत्तम. पडलं म्हणून लगेच नको म्हणू नका, नुसतं डुगडुगत्या टेबलावर ठेवलेलं मशीन हलणारच, ते पक्कं बसवल्यावर बरंच थांबतं. मात्र एकाच स्पीडला थरथर वाढून पुढे कमी होत असेल तर ते चालण्यासारखं, आणि प्रत्येक स्पीडला वाढतच जात असेल तर सांधे परत तपासा.

पाचवं, कापून बघा. जाड तुकड्यात समोरून अर्धा इंच सरळ काप घ्या, मशीन बंद करा, तुकडा फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूने तोच काप ब्लेडवर सरकवून बघा. अलगद बसला तर ब्लेड टेबलाला काटकोनात आहे. नाही बसला तर टेबल तिरकं आहे, ते सेट होतं, पण सेट करायचा स्क्रू गंजून जाम आहे का हे आत्ताच बघा. गुण्या लावूनही बघता येतं पण चालत्या कामाचा हा काप जास्त खरं सांगतो.

टेबल बिडाचं असेल आणि वरवरचा तांबूस गंज असेल तर घाबरू नका. खड्डे पडलेला गंज असेल तर लाकूड सरकताना अडणार. अ‍ॅल्युमिनियमच्या टेबलाला पांढरी पूड धरते खाऱ्या हवेने, ती घासून जाते. टेबलाच्या मधली, ब्लेड जिच्यातून वर येतं ती गोल चकती हरवलेली असेल तर त्यावरून भाव पाडा जरूर, पण चिंता करू नका, जुन्या अ‍ॅक्रिलिकमधून त्याच मशीनवर नवीन कापता येते. भुसा उडवणारा रबरी भाता फाटलेला असतोच, तिथे फिश टँकचा छोटा हवेचा पंप आणि त्याची नळी लावली की भात्यापेक्षा चांगलं काम होतं.

आपल्याकडे लोखंडी अँगलच्या टेबलावर बसवलेली देशी मशीनंही मिळतात, खाली मोटर, पट्टा, वर स्प्रिंग. आवाज करतात, जड असतात, बारीक नक्षीला तितकी बरी नाहीत, पण पाट्या आणि अक्षरांना वर्षानुवर्षं चालतात आणि त्यांचा प्रत्येक भाग गावातल्या वर्कशॉपमध्ये बनतो. जाळी करायची नसेल तर मी अशा मशीनला नाही म्हणणार नाही.

भाव

तेवढ्याच मापाचं नवीन मशीन आज काय भावाने मिळतंय ते आधी बघा, आणि निम्म्याच्या वर जाऊ नका, कितीही चकचकीत असलं तरी. सांधे ढिले असतील तर एक तृतीयांश. सोबत ब्लेडांचा साठा, पायाचा स्विच, जोड-चिमटे असतील तर थोडं वर जायला हरकत नाही. मुंबईहून आणत असाल तर खाजगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतं पण वरचा हात दोरीने टेबलाला बांधून, मध्ये कापडाची गुंडाळी घालून, ब्लेड काढून मगच पाठवा, नाहीतर महामार्गाच्या खड्ड्यांत हात आपटून नवीन सांधाही ढिला होईल. आणि शक्यतो दिवाळीनंतर घ्या. चतुर्थीच्या तोंडावर सगळ्यांनाच मखर कापायचं असतं तेव्हा भाव उतरत नाही, आणि भर पावसात आणलेलं मशीन उघडून साफ करायला कोरडी हवाही मिळत नाही.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी कापायला बसू नका. भुसा ब्रशने आणि जुन्या सायकलच्या पंपाने काढा. टेबलावरचा गंज रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० मारून ४०० नंबरच्या एमरी पेपरने घासा, कोरडं पुसा, मग साधी पांढरी मेणबत्ती टेबलावर घासून कापडाने चोळा. लाकूड सरसर सरकतं आणि गंजही लांब राहतो. खोबरेल लावायची सवय असते आपल्याला प्रत्येक लोखंडाला, इथे नको, चिकट होतं, भुसा धरतं आणि लाकडावर तेलाचे डाग उतरतात, मग पॉलिश धरत नाही. सिलिकॉनचा स्प्रेही त्याच कारणाने नको. सांध्यांना शिलाई मशीनचं तेल, दोन-दोन थेंब, आणि जुन्या बुशवाल्या मशीनला तर तेल टाकून रात्रभर आडवं ठेवा म्हणजे आत उतरतं. चिमट्यांना मात्र तेलाचा थेंब लागू देऊ नका. चिमट्याची तोंडं थिनरने पुसा, नवीन ब्लेडची दोन्ही टोकंही बारीक पॉलिश पेपरवर एकदा ओढा, कारण नवीन ब्लेडला कारखान्यातलं तेल असतं आणि निसटण्याचं निम्मं कारण तेच असतं.

बसवताना टेबल जड हवं. जाड फळीवर बोल्टने आवळा, मध्ये जुन्या टायरट्यूबचे तुकडे घाला, आणि टेबलाच्या खालच्या फळीवर दोन जांभ्या दगडाचे चिरे ठेवा. चिरे ठेवल्याबरोबर आवाज बदलतो ते तुम्हालाच ऐकू येईल. मागचे दोन पाय थोडे उंच केले तर टेबल आपल्याकडे कलतं आणि मान वाकवावी लागत नाही, तासन्‌तास बसणाऱ्याला याचा खूप फायदा. उंची अशी ठेवा की बसल्यावर कोपर टेबलाच्या पातळीला येईल.

लाइटचं बोलायचं तर पावसात ओल्या जमिनीवर, अर्थिंग नसलेल्या पॉइंटवर हे मशीन चालवू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, घरात नसेल तर मशीनच्या आधी तो बसवा, आणि पायात रबरी चप्पल. व्होल्टेज उतरलं की इलेक्ट्रॉनिक स्पीडवाली मशीनं कुंथतात, तेव्हा काम थांबवा. इन्व्हर्टरवर चालवायचं तर साइन वेव्हवालाच पाहिजे, स्क्वेअर वेव्हवर स्पीडचा बोर्ड गुरगुरतो आणि बिघडू शकतो.

ब्लेड कुठलं, लाकूड कुठलं

ब्लेडांचे नंबर असतात, नंबर मोठा तसं ब्लेड जाड. ४ ते ६ मिमी प्लाय आणि बारीक जाळीला २ किंवा ३ नंबर, १२ ते १८ मिमीला ५ नंबर, त्याहून जाड किंवा कडक लाकडाला ७ ते ९. सुरुवातीला २, ५ आणि ७ एवढेच घ्या, एक-एक डझन. प्लायला रिव्हर्स टूथ म्हणजे खालचे काही दात उलटे असलेलं ब्लेड घ्या, खालच्या बाजूची कपची उडत नाही. उलटे दात टेबलाच्या वर दोन-तीनच दिसतील असं लावायचं. गोल पिळाचं स्पायरल ब्लेड चारही बाजूंनी कापतं, लाकूड फिरवावं लागत नाही, लांब पाटी मागे अडते तिथे उपयोगी आहे, पण काप खरबरीत येतो आणि नवशिक्याच्या हातात रेघेवर राहत नाही.

आपल्याकडच्या लाकडांचं थोडं सविस्तर सांगतो कारण हे बाहेरच्या माहितीत मिळत नाही. आंबा मऊ, स्वस्त, वखारीत कायम मिळतो, शिकायला उत्तम, पण नीट सुकलेला नसेल तर बुरशीचे काळे डाग आणि भुंगा लागतो. शिवण तर या मशीनसाठीच असल्यासारखं लाकूड, हलकं, एकसारखं, सुकल्यावर फारसं हलत नाही. पांगारा अगदीच मऊ, ब्लेड पळतं, पण कडेला केस उभे राहतात म्हणून बारीक ब्लेड आणि नंतर पॉलिश पेपर. फणसाला पिवळा रंग सुंदर येतो पण जुना, मुरलेला फणस कडक असतो, ७ नंबर लावा आणि घाई करू नका. सागात निसर्गतःच सिलिका असते म्हणून ब्लेड लवकर बोथट होतं, पाऊण इंची सागात पंधरा-वीस मिनिटांनी ब्लेड बदलायची तयारी ठेवा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मरीन प्लायचा, म्हणजे आयएस ७१० वाल्याचा, गोंदही ब्लेड खातो, घरातल्या मखराला त्याची गरज नाही, साधा प्लाय वापरा. एमडीएफ कापायला लोण्यासारखं पण आपल्या दमट हवेत उघड्या कडा फुगतात, म्हणून कापल्यावर लगेच कडांना प्रायमर किंवा सीलर. माडाच्या लाकडाच्या बाहेरच्या कडक भागाला हे मशीन लावूच नका. आणि काजऱ्याचं लाकूड वाळवी लागत नाही म्हणून कुणी दिलं तरी खेळण्यांना वापरू नका, ते झाड विषारी आहे.

कापायची पद्धत

नक्षीची प्रिंट काढा. लाकडावर आधी मास्किंग टेप, त्यावर गोंदाच्या काडीने कागद, आणि कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप. वरच्या टेपमुळे ब्लेड गरम होत नाही आणि कडक लाकूड जळत नाही, आणि शेवटी सगळं एकदम सोलून निघतं. पावसाळ्यात मास्किंग टेप ओलसर लाकडाला धरत नाही, आधी लाकूड पुसून दिवसभर घरात कोरड्या जागी ठेवा.

आतली भोकं आधी कापायची, बाहेरची कड शेवटी, म्हणजे हातात धरायला लाकूड राहतं. आतल्या भोकासाठी रेघेपासून आत टाकाऊ भागात ड्रिल मारा, प्लग काढा, वरच्या चिमट्यातून ब्लेड सोडवा, ते लाकडाच्या भोकातून खालून वर ओवा, परत आवळा, ताण द्या. जाळीत हे शंभर वेळा करावं लागतं, म्हणून वरचा चिमटा पटकन सुटतो का हे घेतानाच बघा असं मी सांगेन.

ब्लेडच्या दातांना एका बाजूला किंचित कंगोरा असतो, छाप मारून बनवलेलं असतं म्हणून, त्यामुळे लाकूड नाकासमोर सरळ ढकललं तरी काप एका बाजूला सरकतो. हा मशीनचा दोष नाही. थोडं तिरकं धरून ढकलायचं, किती तिरकं ते त्या ब्लेडवर पाच मिनिटं टाकाऊ तुकड्यात कापलं की हाताला कळतं. ढकलायचं हळू. ब्लेड मागे वाकताना दिसलं की तुम्ही जोर लावताय. टोकदार कोपऱ्यावर आलात की पुढे ढकलणं थांबवा, जागेवरच लाकूड फिरवा, ब्लेड चालू राहू दे, मग पुढे जा. स्पीड पातळ प्लायला मध्यम, कडक लाकडाला कमी, अ‍ॅक्रिलिकला अगदी कमी, नाहीतर ते वितळून मागे परत चिकटतं. एकाच नक्षीचे चार भाग हवे असतील, मखराला लागतातच, तर ४ मिमी प्लायचे तीन-चार तुकडे कडांना टेप लावून एकावर एक घट्ट बांधा आणि एकदम कापा. पातळ प्लाय एकटा थडथडतो, गठ्ठा थडथडत नाही.

लाकूड वर उचललं जात असेल तर दाबपट्टी खाली घ्या, ती नसेल तर दोन्ही हातांची बोटं ब्लेडच्या दोन बाजूंना सपाट ठेवून दाबा. बोट ब्लेडच्या समोर सरळ रेषेत कधीच नको. हे मशीन इतर करवतींपेक्षा सौम्य आहे पण नख आणि बोटाचं टोक त्याला लाकूडच वाटतं. ओढणी, सैल बाही, गळ्यातली माळ आवरून बसा. चष्मा लावा, कारण ब्लेड तुटलं की तुकडा उडतो. एमडीएफ आणि सागाच्या भुशाला एन-९५ मास्क, रुमाल चालत नाही. ब्लेड तुटल्याचा "टण" आवाज आला की आधी स्विच बंद, हात नंतर. यासाठी पायाने दाबल्यावर चालणारा आणि पाय काढल्यावर बंद होणारा स्विच घेतलात तर दोन्ही हात लाकडावर राहतात, पण शिलाई मशीनचं पायडल लावू नका, ते स्पीडचं असतं आणि या मोटरला चालत नाही.

पावसाचे चार महिने

मशीन पडवीत असेल तर जून लागायच्या आत घरात घ्या. रोज वापरत असाल तर काम झाल्यावर भुसा झाडूनच उठायचं, कारण भुसा ओल धरतो आणि टेबलावर भुशाच्या आकाराचाच गंज उमटतो. वापरणार नसाल तर ब्लेड काढा, ताण सोडा, टेबलावर मेणाचा जाड हात द्या, वर सुती चादर टाका. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. पंधरा दिवसांनी एकदा पाच मिनिटं ब्लेड लावून चालवा म्हणजे मोटर कोरडी राहते आणि सांधे धरत नाहीत. ब्लेडांसाठी औषधाच्या गोळ्यांच्या जुन्या बाटल्या गोळा करा, त्यातली सिलिकाची पुडी तशीच राहू द्या, एका बाटलीत एकच नंबर, आणि बाहेर मार्करने नंबर लिहा, कारण २ आणि ३ नंबर नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. चिमट्याचे दोन जादा स्क्रू आणि त्या मापाची अ‍ॅलन की मशीनच्याच पायाला दोऱ्याने बांधून ठेवा.